वाचकांचे प्रश्न : नाटक कुठे, गाणं कधी? सांगली-मिरजेच्या सीझनबद्दल

पाऊस ओसरायला लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची असतात, यंदा काय काय आहे ओ ताई, कुठलं चुकवू नये, मुलांना नेलं तर चालतं का, वगैरे वगैरे. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकते. बाकीच्या पत्रांना पुढच्या अंकात नक्की उत्तर देईन.

प्रश्न : ताई, नमस्कार. जूनमध्ये बदली होऊन पुण्याहून सांगलीला आलोय, विश्रामबागला राहतो. तिकडे दर शनिवार-रविवारी नाटक नाहीतर गाणं ठरलेलंच असायचं. इथे तिकिटांच्या अॅपवर सांगली टाकलं की सिनेमेच जास्त दिसतात. इथे काही होतच नाही का? येत्या तीन-चार महिन्यांत बघण्यासारखं काय आहे?

होतं की! भरपूर होतं. फक्त त्यातलं निम्मं अॅपवर येतच नाही, कारण त्याला तिकीटच नसतं, आणि दुसरं म्हणजे इथला सीझन वीकेंड बघून चालत नाही, तो तिथीवर चालतो. कॅलेंडर काढा आणि मी सांगते तिथे खुणा करा.

पहिली खूण घटस्थापनेवर. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाई देवळात संगीत महोत्सव असतो, रोज संध्याकाळी गाणं-वाजवणं, बाहेरगावचे मोठे कलाकार आणि इथली तयारीची पोरं एकाच स्टेजवर. सांगलीहून मिरज जेमतेम आठ-दहा किलोमीटर, ऑफिस सुटल्यावर डायरेक्ट जाता येतं. परतीच्या बसचं मात्र आधी बघून ठेवा, गाणं रंगलं की घड्याळाकडे लक्ष राहत नाही आणि मग स्टँडवर ताटकळावं लागतं.

दुसरी खूण ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. हा दिवस तुम्ही पुण्यातही ऐकला असेल पण तो मुळात इथला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तिथून मराठी नाटकाची सुरुवात धरतात. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी खेळ करायला सांगलीत आली होती, तो खेळ बघून चिंतामणराव पटवर्धनांनी, म्हणजे सांगलीच्या राजेसाहेबांनी, भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी आपल्या भाषेत करा. भावे हाताचे कसबी होते, लाकडाच्या बाहुल्या करायचे, गाणी रचायचे, तालीम घ्यायचे, सगळं एकहाती. दरवर्षी ५ नोव्हेंबरला इथल्या अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीतर्फे त्यांच्या नावाचं गौरवपदक एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला दिलं जातं. त्या दिवशी जा, कारण ज्यांना आपण आयुष्यभर लांबून बघितलं ते माणूस पदक हातात घेऊन इथल्या लोकांशी बोलतं, ते ऐकण्यासारखं असतं.

तिसरी खूण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि हीच बहुतेक लोक चुकवतात. राज्य नाट्य स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाटकांची स्पर्धा, साठीच्या पुढे गेलीय ती, आणि सांगली हे तिच्या प्राथमिक फेरीचं एक केंद्र. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते. रोज एक नवं नाटक, रोज वेगळा संघ, तिकीट अगदी नाममात्र. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवतंय, कोणाचं किराणा दुकान आहे, दिवसभर काम करून रात्री नऊला तालमीला जमायचं असं महिनोन्महिने केलेलं असतं त्यांनी, आणि प्रयोग बऱ्याचदा एकच! तेवढ्या एका संध्याकाळसाठी.

एकदा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तालुक्याच्या गावातला संघ होता, दुपारी टेम्पोतून नेपथ्याचे फ्लॅट उतरवताना मी त्यांना बघितलं होतं, पोरं घामाघूम, एकीच्या कडेवर तान्हं बाळ. पडदा उघडला, पहिल्याच प्रवेशात वडिलांचं काम करणाऱ्या गृहस्थांच्या हातात चहाची कपबशी होती आणि ती थरथरून वाजत होती, किणकिण किणकिण, पार मागपर्यंत ऐकू जात असणार. समोर आम्ही चाळीस-पन्नास लोक, परीक्षक आणि बाकी रिकाम्या खुर्च्या. दुसऱ्या अंकात तीच कपबशी परत आली, मुलीचं पत्र वाचून झालेलं असतं आणि ते काही न बोलता चहा पितात. एवढासुद्धा आवाज नाही. त्या शांततेत माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही, पण पैसे मोजून बघितलेल्या कितीतरी व्यावसायिक नाटकांत मला असं काही मिळालेलं नाही. म्हणून दादा, माझी तुम्हाला अगदी मनापासून विनंती आहे, निदान तीन संध्याकाळी तरी स्पर्धेला जा, आणि एकटे जाऊ नका, ऑफिसमधले चार जण घेऊन जा. नटाला समोर माणूस लागतो हो. रिकाम्या खुर्चीसमोर कसं काय खुलणार कोण?

आणि बातमी कळायची कशी, तर तीन जागा आहेत. पेपरची स्थानिक पुरवणी, नाट्यगृहाबाहेरचा बोर्ड, आणि तिकीट खिडकीवरचा माणूस. त्याला नंबर देऊन ठेवला तर व्हॉट्सअॅपवर जाहिरात पाठवतात बऱ्याचदा.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे, पेटी शिकतेय. नवरात्रात मिरजेला गाण्याला न्यावं असं फार वाटतं पण ती दोन तास बसणार नाही आणि लोक वळून बघतील याची भीती वाटते.

न्या, न्या. दोन तास बसायची गरजच नाही. अर्धा तास बसली तरी खूप झालं. कडेला किंवा मागे बसा, मधोमध शिरू नका. सुरुवातीचा विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, लहान मुलांना लांब वाटतो, तेव्हा थोडं उशिरा पोचलात तरी चालेल, द्रुत, म्हणजे जलद लय सुरू झाली आणि तबला चढला की बघा ती कशी सरसावून बसते. एक चीज संपून टाळ्या पडतात तेव्हाच उठायचं, मध्ये नाही, एवढं एक शिकवलं की झालं. भुकेने कुरकुर होणार असेल तर जाण्याआधी खायला घालून न्या, कुरकुरीत पुड्या आत नेऊ नका. मोबाईल तिच्या हातात देऊन तिला गप्प बसवू नका मात्र, त्यापेक्षा बाहेर एक चक्कर मारून आणा.

आणि घरी येताना तिला सांगा की मोठ्या गायिका हिराबाई बडोदेकर याच मिरजेत जन्मल्या, १९०५ मध्ये. बालगंधर्व शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले तेही त्याच वर्षी, इथेच मिरजेत, किर्लोस्कर मंडळीच्या नाटकात. मुलांना गाव असं कळलं की ते आपलं वाटायला लागतं.

प्रश्न : माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, संगीत नाटकांचे वेडे. गुडघे गेलेत, कमी ऐकू येतं, तरी पेपरात जाहिरात आली की कापून ठेवतात. न्यायची हिंमत होत नाही, काय करू?

ते कात्रण कापून ठेवतात ना, मग उत्तर त्यांनीच दिलंय! तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा पायऱ्या किती आहेत आणि रिक्षा दारापर्यंत येते का. पॅसेजच्या कडेची खुर्ची मागा, म्हणजे पाय लांब करता येतो. कानाचं मशीन असेल तर नवीन सेल घालून न्या. वीस मिनिटं आधी पोचा म्हणजे धक्काबुक्की नाही, आणि नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं पद, चुकत नाही. माझ्या वडिलांना नांदी चुकली की सगळं नाटक चुकल्यासारखं व्हायचं. मध्यंतरात त्यांना उठवू नका, चहा जागेवर आणून द्या. पूर्ण बसवलं नाही तर पहिल्या अंकानंतर घरी आणा, तेवढ्यानेसुद्धा महिनाभर माणूस खूश असतो.

आणि ज्या दिवशी प्रयोग नाही अशा एखाद्या दुपारी त्यांना हरिपूरला घेऊन जा. सांगलीतून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि तिथला तो पार जिथे बसून गोविंद बल्लाळ देवलांनी 'शारदा' लिहिलं असं गावातले लोक सांगतात. देवल हरिपूरचेच. १८९९ चं नाटक, म्हाताऱ्या नवऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावायच्या चालीवर सरळ सरळ घाव घातलेला. (जाता जाता, शारदा कायदा या नाटकावरून आला असं बरेच लोक म्हणतात ते खरं नाही. १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो.) सासऱ्यांना त्यातली पदं पाठ असणारच, पारावर बसवा आणि म्हणायला सांगा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हे लांबवू नका, ८१ वर्षं आहेत.

प्रश्न : एका नाटकाची ऑनलाइन चार तिकिटं काढली, आदल्या दिवशी प्रयोग रद्द झाल्याचा मेसेज आला, दीड महिना झाला पैसे नाहीत.

मेसेज रद्द झाल्याचा आहे की पुढे ढकलल्याचा ते आधी नीट वाचा, पुढे ढकलला असेल तर बऱ्याचदा तेच तिकीट चालतं. खरंच रद्द असेल तर ज्यांच्या खात्यात पैसे गेले त्यांना लेखी कळवा, नुसता फोन नको, सोबत तिकीट आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे तिथे तक्रार नोंदवा. आणि कृपा करून यावरून नाटकाला जाणं बंद करू नका, पुढच्या वेळी खिडकीवर जाऊन तिकीट काढा.

प्रश्न : आम्ही बेळगावचे. मुलगी गाणं शिकते, परीक्षेत चांगली पास झाली म्हणून तिला तानपुरा घ्यायचाय. मिरजेला उरुसातलं गाणं ऐकायला येणारच आहोत, त्याच फेरीत घेता येईल का? आणि उरूस नेमका कधी असतो?

किती छान बेत आहे हा! मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस इस्लामी महिन्याप्रमाणे येतो, म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून गेल्या वर्षीची तारीख धरून रेल्वेचं रिझर्व्हेशन करू नका, आधी इथल्या कोणाला तरी विचारा. तिथलं गाणं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत असतं. किराणा घराण्याचे खाँसाहेब मिरजेत राहिले, आजारपणात त्यांनी दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि बरे झाले असं इथे घरोघरी सांगतात. १९३७ मध्ये ते दक्षिणेत प्रवासात असताना वारले, पण दफन मिरजेत, याच दर्ग्याच्या आवारात. त्यामुळे इथे मोठमोठे गवई मैफल म्हणून येत नाहीत, हजेरी लावायला येतात. भीमसेन जोशी यायचे, गंगूबाई हनगल यायच्या. तुमच्या मुलीला कबरीजवळ नमस्कार करायला सांगा आणि मगच गाणं ऐकायला बसवा.

तानपुरा त्याच फेरीत बघता येईल, पण हातात घेऊन लगेच परत येईन असं ठरवू नका. सतारमेकर गल्लीत दुकानं एकमेकांना लागून आहेत. हे लोक मूळचे शिकलगार, हत्यारं करणारे, हत्यारांचे दिवस गेल्यावर फरीदसाहेब या त्यांच्यातल्याच कारागिरापासून त्यांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि आता कित्येक पिढ्या झाल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून अधिकृत ओळख, पण मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, त्या दुकानात शिरलं की छताला टांगलेले वाळके भोपळेच भोपळे दिसतात आणि लाकडाच्या भुश्श्याचा वास येतो.

आधी मुलीच्या गुरुजींना विचारून तिची पट्टी, म्हणजे ती कुठल्या सुराला सा धरून गाते ते, पक्की करा, पेटीवरची काळी चार का पाच, ते सांगितल्याशिवाय कारागीर वाद्य दाखवणारच नाही आणि तेच बरोबर आहे. बायकांचा तानपुरा आकाराने लहान असतो, पुरुषांचा मोठा, तेव्हा मोठा दिसतोय म्हणून तोच चांगला असं धरू नका. भोपळ्यावर चीर किंवा बुजवलेला भाग आहे का ते उजेडात फिरवून बघा. तारा जुळवून घ्या आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवतात तो क्षण नीट ऐका. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कारागिराने कानाजवळ भोपळा धरला, दोरा केसभर पुढे सरकवला, ऐकलं, परत मागे घेतला, आणि अचानक तार अशी काही गुंजायला लागली की आत्तापर्यंत ती झोपली होती असं वाटलं. त्याला जवारी म्हणतात. ती मुलीलाच ऐकू दे, आणि तिच्या गळ्यातून सा लावून बघू दे. चार दुकानांत बसा, चहा घ्या, घाई करू नका. ऑर्डर देऊन करून घ्यायचा असेल तर परत एक फेरी धरा, बेळगावहून थेट गाड्या आहेतच.

नेताना कडक पेटी घ्या, नुसती कापडी खोळ नको. तारा थोड्या उतरवून घ्या, आणि रेल्वेत वरच्या फळीवर बॅगांमध्ये ठेवू नका, माणसाला बसवतो तसा सीटवर उभा धरून न्या. घरी पोचल्या पोचल्या जुळवायला बसू नका, रात्रभर राहू दे, सकाळी तारा चढवा. दोरे जास्तीचे मागून घ्या, देतात ते.