पुकारा होण्याआधी

प्रश्न : मावशी, नमस्कार. वय ३१, लोकमान्य नगरात राहतो, खासगी नोकरी. गेल्या महिन्यात मित्राच्या निरोपाच्या पार्टीहून स्कूटरनं परत येताना विजय नगरला चेकिंग लागलं होतं. मशीनमध्ये फुंकायला लावलं, चिठ्ठीवर ६८ आलं. स्कूटर ठाण्यात जमा, लायसन्सही घेतलं. आता कोर्टाची तारीख हातात आहे. कोर्टाबाहेर एक जण भेटला, म्हणाला चार हजार द्या, तुम्ही यायचीही गरज नाही. मित्र म्हणतात लोक अदालतीपर्यंत थांब, अर्ध्यात सुटेल. बायकोला माहीत आहे. स्कूटर बाबांच्या नावावर आहे, पण त्यांना ती गॅरेजमध्ये आहे असं सांगितलंय. काय तयारी करू? पुढे पासपोर्टला अडचण येईल का?

उत्तर : तुझं गॅरेजचं वाक्य मी दोनदा वाचलं. अरे, ठाण्यातली गाडी सोडवायला कोर्टात सुपुर्दगीचा अर्ज द्यावा लागतो आणि तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानं द्यायचा असतो. आरसी बाबांची, विमा बाबांचा, सहीही त्यांचीच. म्हणजे तुझी थाप फार तर सुपुर्दगीपर्यंत टिकणार. आज जेवणं झाली की सांगून टाक. गाडी त्यांची म्हणून गुन्हा त्यांच्यावर येत नाही, हेही लगेच सांग, नाहीतर रात्रभर झोपणार नाहीत.

मी वकील नाही. तीस वर्षं इंदूरच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या पुढ्यात रीडरच्या, म्हणजे फायली सांभाळणाऱ्या कारकुनाच्या, टेबलाशी बसले, फायली पुढे सरकवल्या आणि माणसं चुकताना पाहिली. तेवढ्याच अधिकारानं लिहिते.

चार हजारवाल्याचं आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणतं, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली तर गुन्हा. तुझे ६८ म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून वर. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९च्या दुरुस्तीआधी दंड २,००० पर्यंत होता, लोकांच्या डोक्यात तोच बसलाय. मग १०,००० चं काम चार हजारात, तेही तू न येता, कोण करून देणार? तो पैसे घेईल, तुझी तारीख चुकेल आणि घरी जामिनी वॉरंट येईल. तेव्हा बाबा दार उघडतील.

लोक अदालतीचाही भरवसा सोड. तिथे तडजोड होऊ शकणारेच गुन्हे मिटतात. हेल्मेटसारखी प्रकरणं रस्त्यावर पावती फाडून मिटतात, कलम १८५ त्या यादीत नाही. म्हणूनच तुला कोर्टात बोलावलंय.

आता खरी गोष्ट. दहा हजार भरले की संपलं, असं समजून मुलं येतात आणि साहेबांनी विचारायच्या आत ‘कबूल, कबूल’ म्हणतात. कबुली म्हणजे पावती नव्हे. कबुलीवर निकाल लागतो, तू दोषी ठरतोस आणि ते कागदावर राहतं. दुसऱ्यांदा सापडलास तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत झाला तरच तो दुसरा धरायचे. आता ती अटही काढलीय. तेव्हा कबूल कर किंवा नको करू, पण कागद वाचून कर. चिठ्ठीवर तुझंच नाव आहे का, गाडीचा नंबर, तारीख, वेळ बरोबर आहे का, आणखी कोणती कलमं लावलीत. माझ्यासमोर एका पोरानं झटक्यात कबुली दिली. साहेबांनी सहज वय विचारलं, तेव्हा कळलं की कागद त्याच्या मोठ्या भावाचा आहे. भावाला सुट्टी मिळाली नाही म्हणून हा आला होता! साहेब त्या दिवशी जे बोलले ते मासिकात छापता येणार नाही.

कबूल करायचं नसेल तर खटला चालतो, साक्षी होतात, तारखा पडतात. त्याला वकील हवाच. कबूल करायचं असलं तरी आधी तासभर एखाद्या वकिलाला कागद दाखव. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन कर, मोफत वकील कोणाला मिळतो ते सांगतील. तुझी नोकरी पाहता तुला मिळेलसं वाटत नाही, पण हे वाचणारे आणखी असतील.

पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, दिवशी पोटभर पोहे खाऊन निघ. तुझ्या नावाचा पुकारा अकराला होईल किंवा चारला, आणि तू चहाला गेलास की नेमका तेव्हाच होईल. साधा शर्ट, फोन बंद. आदल्या रात्री एक थेंबही नको. हसू नकोस, याच गुन्ह्याच्या पेशीला ‘धीर यावा म्हणून’ थोडी घेऊन आलेला माणूस मी पाहिलाय. वास पहिल्यांदा माझ्याच टेबलापर्यंत आला होता.

साहेबांनी विचारलं तेवढंच बोल. पार्टी कोणाची होती, किती पेग झाले, हे सांगू नकोस. पहिलीच वेळ आहे, घरी कोण आहे, नोकरी काय, विचारलं तर थोडक्यात सांग. पूर्ण १०,००० रोख आण आणि वर थोडे ठेव, दुसरी कलमं असतील तर लागतील. दंड भरला नाही तर त्याऐवजी कैद असते. कधी कधी साहेब दंडासोबत ‘न्यायालय उठेपर्यंत’ अशी शिक्षा देतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचं. ऑफिसात अर्धी रजा टाकली असशील तर पूर्ण कर. दंडाची पावती आणि आदेशाची नक्कल घेतल्याशिवाय आवाराबाहेर पडू नकोस.

लायसन्स कोर्टातून हातात मिळेल असं धरू नकोस. पोलीस ते आरटीओकडे पाठवतात, तिथून नोटीस येते, तुझं म्हणणं ऐकतात आणि निलंबन होतं. तीन महिने तरी गृहीत धर. त्या काळात ‘दुधापुरती’ म्हणून गाडी काढलीस तर तो वेगळा गुन्हा, वेगळे १०,०००.

पासपोर्टला अडतं ते चालू असलेलं प्रकरण. १९६७च्या पासपोर्ट कायद्यात कोर्टात खटला पडून असणं हे नकाराचं कारण आहे. शिक्षेचं कारण लागतं ते २ वर्षं किंवा जास्त कैद झाली तर. तेव्हा आधी हे मिटव, आदेशाची नक्कल सांभाळ, मग अर्ज कर आणि विचारलेलं लपवू नकोस.

सुपुर्दगीच्या दिवशी बाबांना चष्मा घेऊन यायला सांग. ते फॉर्म फार बारीक टायपात असतात, आणि सही त्यांचीच लागते.