वाचक विचारतात : तासन्‌तास ऐकायचे हेडफोन

या वेळच्या पत्रांमध्ये कान पूर्ण झाकणाऱ्या, म्हणजे ओव्हर-इअर हेडफोनबद्दलचे प्रश्न इतके होते की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले.

प्रश्न : रात्री जेवणानंतर तीन-चार तास शास्त्रीय संगीत ऐकतो. चष्मा आहे. सध्याच्या हेडफोनचा आवाज उत्तम, पण तासाभरात कानाची वरची कड दुखते आणि डोक्याच्या मध्यावर ठणका लागतो. घरच्या कामाच्या टेबलाशी बसून, वायर लावून ऐकायला कोणते घ्यावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : दुखणी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगवेगळी.

कानाची कड दुखते तेव्हा बहुतेक वेळा कपाच्या आतली जागा अपुरी असते. प्रौढ माणसाचा कान साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर उंच असतो आणि वयाबरोबर तो थोडा वाढतोही. पट्टी घेऊन कान दोनदा मोजा. एकदा वरच्या कडेपासून पाळीपर्यंत आणि एकदा तो डोक्यापासून किती बाहेर येतो ते. दुसरं माप कोणी घेत नाही आणि घोळ तिथेच होतो. कपावरच्या गादीचं भोक मोठं दिसतं, पण खोली नसते. मग कान आतल्या कापडाला टेकतो आणि तासभर तिथेच घासत राहतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स स्टुडिओंमध्ये सर्रास दिसतो, पण त्याच्या गाद्या उथळ आहेत. कान मोठे किंवा बाहेर आलेले असतील तर तो लांब बैठकीसाठी आम्ही सुचवणार नाही.

चष्म्याची काडी हे कान दुखण्याचं दुसरं कारण. गादी काडीला दाबते आणि काडी कानामागच्या हाडाला. जाड प्लास्टिकच्या काडीने गादी एका जागी उचललीही जाते आणि त्या फटीतून खर्ज निसटतो. हे घरी तपासता येतं. तबल्याचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा आणि काडीजवळची गादी बोटाने हलकेच दाबा. डग्गा एकदम भरदार झाला तर फट आहे असं समजा. मऊ मखमली गाद्या आणि बारीक धातूच्या काड्यांचा चष्मा एवढ्यानेच बराच फरक पडतो. ऐकण्यासाठी एक जुना बारीक काड्यांचा चष्मा वेगळा ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

डोक्यावरचा ठणका वजनामुळे येतो असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. वजन किती यापेक्षा ते किती जागेवर पसरतं हे महत्त्वाचं. एकेजीचा जुना के७०१ जेमतेम २३५ ग्रॅमचा, पण त्याच्या चामडी पट्टीखाली उंचवटे होते आणि त्यांनी कित्येकांची टाळू दुखवली. उलट ३७० ग्रॅमच्या आसपासचा हायफायमॅन सुंदरा झोळीसारख्या लोंबत्या पट्टीमुळे अनेकांना सुसह्य वाटतो. तरीही तीन-चार तासांसाठी ३०० ग्रॅमची मर्यादा आखून घ्यावी. त्यापुढे मानेला जाणवायला लागतं, विशेषतः खाली मान घालून वाचत ऐकायची सवय असेल तर.

राहिली बाजूची पकड. नवा हेडफोन जास्तच आवळतो. ज्यांच्या पट्टीत पोलादी पाती असते त्यांना सैल करता येतं. दोन्ही बाजू पूर्ण बाहेर ओढा. डोक्याच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त रुंद अशी पुस्तकांची चळत करा, हेडफोन तिच्यावर रात्रभर चढवून ठेवा आणि सकाळी घालून बघा. गरज वाटली तर पुन्हा एक रात्र. एकदम चार-पाच सेंटिमीटर ताणू नका. पकड फार सैल झाली की गादी टेकत नाही, खर्ज जातो आणि तो परत आणायला पट्टी आत वाकवत बसावं लागतं. घडी घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या बिजागरीच्या हेडफोनवर हा प्रयोग करू नका, बिजागरीच तडकते.

आता आवाजाचं. लांब बैठकीत कान शिणतो तो मुख्यतः आवाजाच्या वरच्या पट्टीतल्या, म्हणजे उंच, तीक्ष्ण स्वरांमधल्या उठावामुळे. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोमध्ये ८ किलोहर्ट्‌झच्या आसपास असा ठळक उठाव आहे. पाच मिनिटांत तो ‘स्वच्छ’ आणि ‘तपशीलवार’ वाटतो. तासाभराने तंबोऱ्याची जवारी पत्र्यासारखी झणझणते, गायकाचे स आणि श टोचतात आणि जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेल्या मुद्रणाची खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसते. दुकानात जो सगळ्यात चमकदार वाटतो, तोच रात्री अकराला नकोसा होतो.

तुमच्या गरजेला सेनहायझरचे एचडी ५६०एस किंवा एचडी ६०० हे दोन आधी घालून बघावेत. वजन अनुक्रमे २४० आणि २६० ग्रॅम, गाद्या मखमली, भोक लंबगोल. एचडी ६०० हे १९९७ पासूनचं मॉडेल असून त्याच्या गाद्या, वायर, पट्टीची उशी हे सगळं अवजारांशिवाय हाताने निघतं, म्हणून एकेक भाग बदलत ते वर्षानुवर्षं चालतं. दोघांचीही पकड नवी असताना घट्ट असते. एचडी ६०० ला फोनपेक्षा जोरकस अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारं यंत्र, लागेल (पुढचं एक उत्तर बघा). एचडी ५६०एस साध्या डोंगलवर, म्हणजे फोनला लावून हेडफोन जोडायच्या छोट्या जोडावर, भागून जातो. त्याची वरची पट्टी एचडी ६०० पेक्षा थोडी उजळ आहे, म्हणून जुनी मुद्रणं हाच मुख्य खुराक असेल तर आमचं मत एचडी ६०० ला.

घालून बघाल तेव्हा चष्म्यासकट आणि किमान ४५ मिनिटं. दुकानात तेवढं बसू देत नसतील तर परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणाहून घ्या आणि पहिल्या दोन संध्याकाळी खोक्याचं प्लास्टिक जपून ठेवा.

प्रश्न : ओपन-बॅक जास्त आरामाचे असं ऐकलं. पण मी ऐकते त्याच खोलीत आई झोपलेली असते आणि पंखा कायम चालू. — वाचक, चिपळूण

उत्तर : मग क्लोज्ड-बॅकच, म्हणजे मागून बंद कपाचे. ओपन-बॅकच्या कपाला मागून जाळी असते. हवा खेळते, कान कमी तापतात, आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. पण त्याच जाळीतून गाणं खोलीत ऐकू येतं आणि पंख्याची घरघर आत येते. पंखा पाचावर असेल तर आलापीचे हळुवार स्वर झाकले जातात, आपण आवाज वाढवतो आणि शांतपणे ऐकण्याचा मुद्दाच निघून जातो. ओपन-बॅकच्या परीक्षणांमध्ये छताच्या पंख्याचा उल्लेख सहसा नसतो, पण आपल्याकडे मार्च ते जून निर्णय त्यावरच ठरतो.

क्लोज्डमध्ये बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), लांब बैठकीसाठी चांगला. साधारण २७० ग्रॅम, गोल खोल कप, मखमली गाद्या. वायर तीन मीटरची आणि कपाला कायमची जोडलेली, ती खुर्चीच्या चाकाखाली येऊ देऊ नका. वरची पट्टी याचीही उजळ आहे, इक्वलायझरमध्ये ८ किलोहर्ट्‌झला ३–४ डेसिबल कमी केलंत की निवळते.

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज मारणारा हेडफोन, घेतलंत तर एवढं ध्यानात ठेवा की ते एकसुरी, खालच्या आवाजावर चालतं. इन्व्हर्टरची घूं, एसीचा गुंजारव, बसचं इंजिन यांना ते खातं. कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांचं बोलणं बरंचसं तसंच येतं. काहींना ते चालू करताच कानात दडे बसल्यासारखं होतं. तुम्हाला तसं झालं तर सवय होईल म्हणून वाट पाहू नका.

प्रश्न : २५० ओहमचा हेडफोन घेतला. फोनला लावला तर आवाज पूर्ण करूनही आलाप ऐकू येत नाही. हेडफोन खराब आहे का? — वाचक, नाशिक

उत्तर : खराब नाही, उपाशी आहे. खोक्यावरचे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात, ओहम आणि संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेला किती मोठा आवाज येतो ते. समजा संवेदनशीलता १ मिलीवॅटला ९६ डेसिबल आहे. १ व्होल्ट दिल्यास २५० ओहममध्ये ४ मिलीवॅट जातात, म्हणजे ६ डेसिबलची भर, एकूण १०२. तेवढ्याच संवेदनशीलतेचा ३२ ओहमचा हेडफोन १ व्होल्टला सुमारे ३१ मिलीवॅट खेचतो आणि १११ डेसिबलपर्यंत जातो. फोनचा जॅक किंवा साधं डोंगल बऱ्याचदा अर्धा व्होल्टच देतं, त्यात आणखी ६ डेसिबल गेले. तुमच्या हातात उरले ९६ आणि तेही सगळ्यात मोठ्या क्षणाला. आलाप त्या शिखरापेक्षा २०–२५ डेसिबल खाली असतो. द्रुत तान ठीक ऐकू येते आणि आलाप बुडतो, त्याचं कारण हे.

२ व्होल्ट देणारं यूएसबी डोंगल-अँप लावलंत की १०८ मिळतात आणि प्रश्न सुटतो. ‘जास्त ओहम म्हणजे भारी आवाज’ हा समज मात्र सोडून द्या. फोनवरच ऐकायचं असेल तर त्याच मॉडेलची कमी ओहमची आवृत्ती मिळते का ते आधी बघावं. एक पथ्य : काही कंपन्या संवेदनशीलता मिलीवॅटला न देता व्होल्टला देतात. एचडी ६०० चे ९७ डेसिबल हे १ व्होल्टचे आहेत. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रश्न : दोन पावसाळ्यांत गाद्यांचे काळे पापुद्रे निघून गालाला चिकटू लागले. कंपनीचाच दोष ना? — वाचक, रत्नागिरी

उत्तर : दमट हवेचा आणि कृत्रिम चामड्याचा. हे चामडं म्हणजे कापडावरचा पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतल्या पाण्याने त्याची रासायनिक साखळी तुटत जाते, घाम आणि केसांचं तेल त्याला हातभार लावतात. खोक्यात जपून ठेवला तरी कोकणात तो फुटतो. ऐकून झालं की गाद्या किंचित ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा आणि पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवून मगच पिशवीत घाला. सॅनिटायझर लावू नका.

नव्या गाद्या घेताना मूळच्याच जाडीच्या आणि त्याच प्रकारच्या घ्या. मखमल घातलीत तर गाल सुटतील, पण तिच्या विणीतून खर्ज थोडा गळतो आणि वरची पट्टी पुढे येते. जास्त जाड गादीने कान ड्रायव्हरपासून, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरपासून, लांब जातो, त्यानेही आवाजाचा रंग बदलतो. बसवताना गादीची पातळ किनार एका जागी खाचेत अडकवा आणि तिथून गोल फिरवत न्या. चारी बाजूंनी एकदम ताणलीत तर शिवण उसवते. जुनी गादी काढल्यावर आत फोमची पातळ चकती दिसेल, ती फेकू नका, आवाजाचा तोल तिच्यावरही असतो.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर गाणं छान, पण ऑफिसची मीटिंग सुरू झाली की आवाज डबड्यातून आल्यासारखा. शिवाय मुलीला कीबोर्डच्या रियाजाला तोच दिला तर स्वर मागून येतो. — वाचक, डोंबिवली

उत्तर : हेडफोनचा माइक चालू होताच जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ स्टिरिओ सोडून फोनकॉलच्या एकेरी, कमी दर्जाच्या वाटेवर जातं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा आणि आवाजासाठी हेडफोन तसाच ठेवा. डबडं जाईल.

रियाजाचा इलाज फक्त वायर. ब्लूटूथचा उशीर सहज १५० ते २५० मिलिसेकंद असतो, चित्रपट बघताना अॅप तो जुळवून घेतं, पण बोट आणि स्वर यांच्यात तो जुळवता येत नाही. कीबोर्डचा जॅक बहुधा ६.३ मिलिमीटरचा मोठा असतो, त्यासाठी जोडपिन घ्यावी लागेल.

प्रश्न : मुलगा दिवसाला पाच-पाच तास हेडफोन लावून असतो. किती आवाज सुरक्षित? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : प्रौढांना ८३ ला २० तास, ८६ ला १०. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. म्हणजे पाच तास रोज, आठवड्याचे ३५, हे मुलांच्या मर्यादेत बसतं, पण आवाज ७५ च्या आसपासच राहिला तर. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवायची सोय असते, ती शांत खोलीत बसवा, बाहेरच्या गोंगाटात बसवू नका. रात्री झोपण्याआधी जो आवाज त्याला पुरेसा वाटतो, तीच खूण धरून मर्यादा लावा.