फोर बाय फोर पिकअपचं ॲव्हरेज नेमकं कुठं गळतंय?

मागच्या अंकात पिकअपच्या सस्पेन्शनवर लिहिलं होतं, पण त्यावर आलेले बहुतेक प्रश्न निघाले ॲव्हरेजचे, आणि तेही जवळपास सगळे फोर बाय फोरवाल्यांचे, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येते अशा गाड्यांचे. म्हणून या वेळी तेवढंच घेतो. पहिला प्रश्न मोठा आहे, त्याचं उत्तरही मोठंच होणार, कारण एकाच गाडीत चार-पाच गोष्टी सापडल्यात.

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगोला तालुक्यातला डाळिंबवाला शेतकरी. माझ्याकडं 2500 सीसीची डिझेल फोर बाय फोर पिकअप आहे, जुनी, बीएस 4 प्रदूषण नियमांची. आधी 12 चं ॲव्हरेज द्यायची, आता साडेनऊच्या वर जात नाही. दीड वर्षापूर्वी 245/70 आर 16 चे टायर काढून 265/75 आर 16 चे मड टायर टाकले, शेतात चिखल फार असतो. टपावर कॅरियर आहे. गेल्या उन्हाळ्यात गाडी गरम व्हायची म्हणून मेकॅनिकनं थर्मोस्टॅट काढून टाकला, आता गरम होत नाही. आठवड्यातून तीन खेपा सोलापूरला असतात. मित्र म्हणतो हायवेला मागचा फाळका उघडा टाकून चालव, वारा अडकत नाही. मेकॅनिक म्हणतो नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) गेलेत, 40,000 खर्च येईल. काय करू?

उत्तर : दादा, आधी ते 40,000 खिशातच ठेवा. नोझल गेले असतीलही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यातच एवढी कारणं आहेत की ती सोडवल्याशिवाय नोझलला हात लावणं म्हणजे जखम पायाला आणि मलम डोक्याला.

पहिलं म्हणजे टायर. जुन्या टायरची उंची साधारण 749 मिमी होते आणि नव्याची 804 मिमी, म्हणजे नवं चाक एका फेऱ्यात सव्वासात टक्के जास्त अंतर कापतं पण मीटरला ते कळत नाही, मीटर जुन्याच चाकाच्या हिशोबानं मोजत बसतो. मीटरवर 100 किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी खरी 107 पळालेली असते. म्हणजे तुमचं साडेनऊ हे खरं सव्वादहाच्या जवळ आहे. अडीचची घट दिसतीय त्यातली पाऊण तर झालेलीच नाही, नुसता मीटरचा फरक आहे. मोबाइलच्या मॅपवर सांगोला ते सोलापूर अंतर बघा आणि मीटरवर किती पडतं ते बघा, लगेच कळेल. आणि मोजायचं तर टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजा, त्याच पंपावर, पंपाच्या त्याच नळीला पहिलं कट होईल तिथं थांबून, आणि असं निदान तीन वेळा करून सरासरी काढा. पाचशेचं डिझेल टाकून काटा कुठं आला ते बघून काढलेलं ॲव्हरेज काहीच सांगत नाही.

बाकीची घट मात्र खरी आहे आणि तिच्यातही या टायरचा वाटा आहेच. मड टायर जड असतो, त्याच्या रबराच्या मोठ्या गठ्ठ्या डांबरावर सतत दबतात आणि सुटतात, त्यात ताकद जाते, तो जो घुंई घुंई आवाज येतो ना तो तुमच्याच डिझेलचा आवाज आहे. तुमच्या भागात काळ्या रानात जून ते सप्टेंबर मड टायर लागतो हे मला मान्य आहे, पावसात त्या मातीत साधा टायर दहा फुटांत गुळगुळीत होऊन बसतो. पण वर्षातले बाकीचे आठ महिने तुम्ही मंगळवेढ्यावरून डांबरानंच येता. पुढचा सेट घेताना ऑल टेरेन घ्या, जुन्या मापाचा किंवा त्याच्या जवळचा, आणि हे मड टायर झिजले नसतील तर रिमसकट बाजूला ठेवून पावसाळ्यात चढवा.

हवेचं तुम्ही लिहिलं नाही पण मी विचारतो, रानात शिरताना हवा कमी करता का? बरेच जण करतात आणि ते बरोबरही आहे, टायर पसरतो, गाडी रुतत नाही. पण बाहेर आल्यावर तीच 20-22 पीएसआय हवा ठेवून सोलापूर गाठायचं हे फार वाईट. ॲव्हरेज तर पडतंच, पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं 42 डिग्रीला रस्ता तापलेला असतो, कमी हवेचा टायर आतून तापतो आणि भरल्या गाडीला फुटतो. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरला लिहिलेलं असतं, रिकाम्याची वेगळी आणि भरलेल्याची वेगळी, आणि बघायची सकाळी गार टायरला. दुपारी 60 किलोमीटर पळवून पंपावर मोजली तर वाढलेलीच दिसणार आणि पोरगं ती सोडून देणार. टायर मोठा टाकलाय म्हणून स्टिकरचा आकडा तंतोतंत लागू होणार नाही, टायरवाल्याला लोड सांगून आकडा ठरवून घ्या.

आता थर्मोस्टॅट. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण आपल्या भागात हा प्रकार फार आहे आणि माझ्याकडं आलेल्या कितीतरी गाड्यांत तो काढलेलाच असतो. थर्मोस्टॅट हे पाण्याच्या वाटेवरचं दार आहे. इंजिन गार असताना ते बंद असतं, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं म्हणून इंजिन लवकर तापतं, आणि साधारण 80 डिग्रीच्या पुढं गेलं की ते उघडतं आणि पाणी रेडिएटरला जातं. ते काढलं की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, डिसेंबरच्या पहाटे तुम्ही सांगोल्याहून निघालात की मंगळवेढा आलं तरी काटा वर चढत नसेल, बघा आठवून. इंजिन गार राहिलं की ऑइल घट्ट राहतं, घर्षण जास्त, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून तापलंच नाही म्हणून तो त्या हिशोबानं डिझेल सोडतो, आणि पिस्टन-रिंगची झीज होते ती वेगळीच. डिझेल इंजिनला त्याची ठरलेली गरमी लागतेच, ती मिळाली तरच ते नीट जाळतं.

आणि गाडी गरम होत होती तिचं मूळ कारण तिथंच राहिलं. बोनेट उघडून रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधली फट बघा, चिखलाचं वाळलेलं पापुद्र आणि पाचट, गवत यांचा थर असणार, वरून पाणी मारून तो निघत नाही, रेडिएटर सोडवून मागून पुढं असं हलक्या प्रेशरनं धुवावा लागतो. दुसरं, कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलं असेल तर आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार आत बसलेत, फ्लश करून कंपनीचं कूलंट भरा. तिसरं, फॅन क्लच, म्हणजे पंखा लागेल तसा इंजिनला जोडणारा भाग. तो कमजोर झाला की हळू चालवताना गाडी तापते, आणि जाम झाला की उलटं, पंखा सदानकदा पूर्ण ताकदीनं फिरतो, विमानासारखा आवाज येतो आणि इंजिनची ताकद तोच खातो. हे तिन्ही बघून मग नवा थर्मोस्टॅट बसवा, नोझलच्या मानानं तो फार स्वस्तात होतो.

कॅरियर काढा. रोज लागत नसेल तर काढाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, 80 वरून 100 ला गेलात तर दीडपटीहून जास्त होतो. पिकअप मुळात उंच आणि चौकोनी, त्यात वर कॅरियर. त्यामुळं वेग 80 च्या आतच ठेवा, आणि तुमच्या मोठ्या टायरमुळं काटा दाखवतो त्यापेक्षा खरा वेग जास्त असू शकतो हेही ध्यानात घ्या, मोबाइलवर एकदा ताडून बघा.

फाळक्याचं मित्राला सांगा की तसं होत नाही. हौद्यात फाळका बंद असताना हवेचा एक भोवरा तयार होऊन अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्या डोक्यावरून सरळ निघून जाते, फाळका उघडला की तो भोवरा मोडतो, त्यामुळं फायदा होत नाही, उलट माल सांडायची भीती. ताडपत्री मात्र कायम ताणून बांधा, फडफडणारी ताडपत्री म्हणजे मागं लावलेली पॅराशूटच, आणि रिकाम्या परतीला हौद्यावर सपाट झाकण असेल तर थोडा फायदा होतो. हौद्यात कायम काय पडलेलं असतं तेही बघा. 200 लिटरचा पाण्याचा ड्रम भरून फिरवणारे शेतकरी मी पाहिलेत, ते 200 किलो वजन प्रत्येक चढाला तुम्ही फुकट ओढता.

राहिली फोर बाय फोरची बाजू. तुमच्या जुन्या गाडीत पुढच्या चाकांच्या मधोमध हातानं फिरवायचे हब असतील तर ते जाऊन बघा, फ्री वर आहेत का लॉक वर. पावसाळ्यात लॉक केलेले हब दिवाळीपर्यंत तसेच राहतात, मग तुम्ही टू व्हीलवर चालवलं तरी पुढचे ॲक्सल, पुढचं हाउसिंग (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) आणि जॉइंट सगळं उगाच फिरत राहतं. फ्री करा. फक्त महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर लॉक करून दोन-चार किलोमीटर चालवा म्हणजे आतलं ऑइल सगळीकडं लागतं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), पुढचं हाउसिंग, मागचं हाउसिंग अशा चार ठिकाणी ऑइल असतं आणि लोक इंजिन ऑइल सोडून बाकी विसरतात. पाण्याच्या ओढ्यातून गाडी जात असेल तर हाउसिंगचं ऑइल पांढरं दुधासारखं झालंय का ते बघायलाच पाहिजे.

शेवटी चारी चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवा. काळा चिखल ब्रेकच्या कॅलिपरच्या पिनेत बसतो, ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि गाडी ब्रेक धरूनच पळते. सोलापूरला पोचल्यावर रिमजवळ हात न्या, टेकवू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम वाटलं की तेच.

हे सगळं करून तीन टाक्या मोजा. तरीही कमीच पडत असेल आणि काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप बघा, आणि मगच नोझल, तेही आधी रिटर्न टेस्ट करून, म्हणजे प्रत्येक नोझल किती डिझेल परत सोडतो ते मोजून, चारातला कुठला खराब आहे ते नक्की करून. महिन्याला 1500 किलोमीटर आणि लिटरला 90 रुपये धरले तर 12 आणि खऱ्या सव्वादहामधला फरक महिन्याला जवळपास 2000 रुपये होतो, म्हणजे एवढी मेहनत घेण्यासारखी नक्कीच आहे.

प्रश्न : माझं घर होटगी रोडला आणि टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मागच्या वर्षी बीएस 6 फोर बाय फोर पिकअप घेतली, मीच चालवते. दिवसाला चार-पाच छोट्या फेऱ्या. ॲव्हरेज 8, आणि मधेच एक पिवळा दिवा लागतो, सर्व्हिसला सांगितलं तर म्हणतात हायवेला फिरवून आणा. गाडीत फॉल्ट आहे का?

उत्तर : ताई, बहुतेक फॉल्ट नाही, वापर गाडीला जुळत नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं, त्यात डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी अडवतो. ती काजळी जाळायला फार गरमी लागते, त्यासाठी गाडी स्वतःहून जादा डिझेल सोडते. तुमच्या फेऱ्या पाच-सहा किलोमीटरच्या, जाळणं सुरू होतं आणि तेवढ्यात तुम्ही कारखान्यात पोचून चावी काढता, मग पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून. जादा डिझेल प्रत्येक वेळी जातं आणि काम अर्धवट राहतं.

आठवड्यातून एकदा मोहोळच्या बाजूला किंवा तुळजापूर रोडला अर्धा तास 60-80 च्या वेगानं न थांबता जाऊन या, माल पोचवायचा असेल तर त्या दिवशीच ठेवा म्हणजे खेप वाया जात नाही. दिवा दिसला तर टाळू नका, फार दिवस टाळला की सर्व्हिस सेंटरला मशिन लावून जाळावं लागतं. महिन्यातून एकदा ऑइलची पट्टी काढून बघा, पातळी वाढलेली दिसली तर अर्धवट जळणीतलं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल लवकर बदला, आणि मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच. कोणी डीपीएफ कापून काढतो म्हटलं तर अजिबात करू नका. सकाळी दहा मिनिटं उभी ठेवून गरम करायचीही गरज नाही, अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवा.

या फेऱ्यांना कंपनीच्या आकड्याएवढं ॲव्हरेज येणार नाही हे मात्र खरं सांगतो. टॉवेलचे गठ्ठे नेण्यापुरतंच काम असेल तर शहरासाठी एक छोटी सीएनजी गाडी जास्त परवडेल का याचा हिशोब घाला.

प्रश्न : तुळजापूरच्या घाटात उतरताना आमचा ड्रायव्हर न्यूट्रल करतो, म्हणतो डिझेल वाचतं. खरं आहे का?

उत्तर : नाही, उलटं आहे. कॉमन रेल इंजिनची गाडी (जिच्यात कॉम्प्युटर डिझेल सोडतो) गिअरमध्ये असताना पाय एक्सलरेटरवरून काढला की डिझेल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल सुरूच ठेवावं लागतं. म्हणजे डिझेलही जास्त जातं आणि इंजिनचा ब्रेक गेल्यामुळं सगळा भार ब्रेकवर येतो, भरली गाडी असेल तर ते तापून लागेनासे होतात. त्या घाटात यात्रेकरू चालत असतात. त्याला आजच सांगा.

प्रश्न : डिझेलच्या पाइपला लावायचं मॅग्नेट घेऊ का? 20 टक्के वाढतं म्हणतात.

उत्तर : नको. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेनं अशा शंभराहून जास्त वस्तू तपासल्यात, ॲव्हरेज लक्षात येण्याएवढं वाढवणारी एकही सापडली नाही. त्या पैशात अलाइनमेंट करून घ्या.

प्रश्न : अक्कलकोटहून लिहितोय. पावसात ग्रिप राहावी म्हणून जूनपासून मी हायवेलाही फोर एच मध्येच, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन चालवतो. वळताना गाडी अडखळल्यासारखी होते आणि पुढचे टायर कडेनं खाल्लेत. डिझेलही वाढलंय.

उत्तर : तिन्हीचं कारण तो फोर एच. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नसतं, फोर एच लावलं की दोन्ही एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो पण डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून ट्रान्स्फर केस पिळली जाते, टायर खरवडतो आणि इंजिन स्वतःशीच भांडत राहतं. रस्ता नुसता ओला आहे म्हणून फोर एच लावू नका, ओल्या डांबराला चांगली नक्षी असलेला टायर आणि कमी वेग पुरतो. रानात किंवा कच्च्यावर शिरताना लावा आणि डांबर लागलं की लगेच टू एच करा. निघत नसेल तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, पिळा सुटतो. टायर बदलायच्या आधी ट्रान्स्फर केसचं ऑइल एकदा काढून बघा, त्यात लोखंडाचा चुरा चमकत असेल तर मला फोटो पाठवा.