अंगणवाडीतल्या लेकरांना गोष्टीच्या पुस्तकांतून चांगलं खाणं आणि खेळणं शिकवता येतं का?

येतं, पण गोष्ट ऐकून पोरं लगेच भाजी खायला लागतील या आशेवर राहू नका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. माझं म्हणणं एकच, गोष्टीतली भाजी त्याच दिवशी ताटात आली पाहिजे. चित्रात ब्रोकोली अन् ताटात खिचडी असली तर पोरं टाळ्या वाजवतात आणि विसरून जातात.

म्हणून आधी शिवार बघा, मग पुस्तक शोधा. पावसाळ्यात तरोटा म्हणजे टाकळ्याची भाजी, हिवाळ्यात तुरीचे सोले, पुढे मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. हवी ती नाही मिळाली तर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढायची आणि सुईदोऱ्यानं शिवायची.

मुनग्याची गोष्ट असली की शेंग आधी पोरांच्या हातात देते. तलवारबाजी होते, एखादा तिनं पाठ खाजवतो. होऊ द्या. मग गोष्टीतली आजी शिजलेल्या शेंगेतला गर कसा ओरपते ते आमची मदतनीस ताई करून दाखवते, चांगला आवाज काढून. ‘मले नाई पायजे’ म्हणणारं कोणी ना कोणी असतंच. त्याला आग्रह करू नका. नवी चव अंगवळणी पडायला लहान मुलांना ती आठ-पंधरा वेळा चाखावी लागते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायची. कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही.

‘भाजी चांगली, पाकीट वाईट’ छापाच्या गोष्टी मी वाचतच नाही. बाप कामावरून येताना कौतुकानं पाच रुपयांचं खाऊचं पाकीट आणतो, त्या लेकराला उगाच खाली बघायला लावायचं कशाला?

आता खेळाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान 60 मिनिटं चांगली दमवणारी. गावातली पोरं तशीही पळतात, मांडी घालून बसवतो ते आपण! तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या बैलपोळ्याच्या सुमारास आम्ही बैलाची गोष्ट घेतो. पान उलटलं की बैल नाला ओलांडतो, सगळे उडी मारतात. पुढच्या पानावर चिखलातून गाडी ओढायची, तर जोडीजोडीनं ओढतात. उन्हाळ्यात हे सकाळी अंगणवाडी उघडल्या उघडल्या, निंबाखाली उरकायचं.

आणि पुस्तकं घरी न्यायला द्या. फाटतात, हळदीचे डाग पडतात. चिकटपट्टी जवळ ठेवा.