एकाच रानात सारखं खत टाकूनही मका कुठे डोक्याएवढा, कुठे गुडघ्याएवढा का राहतो?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यात दीड एकर मका आहे, खत सगळीकडे सारखंच फेकलं, तरी मधला पट्टा खुजा राहिला. मग जाता जाता एक वाक्य टाकलंय, 'गेल्या वर्षी जेसीबीने लेव्हल करून घेतलं.' माझ्या मते बरंचसं उत्तर त्या वाक्यातच आहे.

तुमच्या बाजूला काळ्या मातीचा थर मुळात पातळ. उंचवटा तासला की ती माती खोलगटात जाते आणि तासलेल्या जागी मुरूम नाहीतर चुनखड उघडी पडते. सेंद्रिय कर्ब, जस्त (झिंक) आणि पिकाला लागू होणारा स्फुरद (फॉस्फरस) जास्त करून त्या वरच्या थरातच असतो. म्हणजे खत तुम्ही सारखं टाकलंत, पण जमीन दोन प्रकारची झालेली होती. चुनखडीत डीएपी खतातला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि मुळाला मिळत नाही.

आता मुळांचं सांगतो. मूळ सगळीकडे सारखं पसरत नाही, जिथे अन्न सापडेल तिथे ते फुटवे काढतं. इंग्लंडमध्ये ड्रू नावाच्या शास्त्रज्ञाने 1975 साली सातूवर याचा प्रयोग केला होता. मुळाच्या फक्त मधल्या भागाला भरपूर अन्न दिलं आणि वर-खाली कमी ठेवलं. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद मिळालेल्या भागात बारीक उपमुळांचं दाट जाळं झालं. पालाश (पोटॅश) तसाच देऊन पाहिला, तर तसं जाळं झालं नाही. मक्यातही नत्र-स्फुरदाच्या पट्ट्यात मुळं अशीच गर्दी करतात. त्यातही अमोनियाच्या रूपातला नत्र स्फुरदाबरोबर असेल तर मूळ तो शोषताना आजूबाजूला आम्ल सोडतं, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत थोडा स्फुरद त्यामुळे मोकळा होतो.

म्हणजे विषमता वाईटच असते असं नाही. एका झाडाच्या मुळांच्या आवाक्यात, बियाण्याच्या बाजूला चार बोटांवर खताची रेघ असेल, तर ती विषमता फायद्याची. नत्र पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतो, पण स्फुरद जागचा हलतच नाही म्हटलं तरी चालेल, मूळच त्याच्याजवळ जावं लागतं. म्हणून तो फेकून वाया जातो आणि रेघेत दिला की लागू होतो. पण विषमता पंधरा-वीस फुटांच्या पट्ट्याची झाली की मुळाचा काही इलाज चालत नाही. पट्ट्याच्या मधोमध उगवलेलं झाड शेजारच्या चांगल्या मातीपर्यंत पोचणार कसं?

पट्ट्याच्या कडेला आणखी एक गोष्ट होते. गहू फुटवे काढून उणीव भरून काढतो, मक्याला ते जमत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मागे पडलेलं ताट शेजाऱ्याच्या सावलीत सापडतं आणि मग मागेच राहतं. पुष्कळदा त्याला कणीस धरत नाही, धरलंच तर अर्धवट भरतं. रोपं लहान असताना खुज्या पट्ट्यातली पानं जांभळट होती का, आठवून बघा. तसं असेल तर स्फुरदावर संशय घ्या (थंडीतही पानं जांभळी होतात, म्हणून रब्बीत जरा सांभाळून). कोवळ्या पानांच्या बुडाला, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे असतील तर जस्त. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत आली तर नत्र, कडा करपत आल्या तर पालाश.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, कुदळ घ्या. एक उंच आणि एक खुजं ताट मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत भिजवून हलक्या हाताने धुवा. खुज्याची मुळं थोडी, आखूड आणि वरच्या वर वळलेली दिसली तर खाली मुरूम किंवा कडक थर आहे, खताच्या आधी त्याचा विचार करा. मुळं कुरतडलेली असतील तर मग किडीकडे बघा.

माती तपासायची तर दोन्ही पट्ट्यांचे नमुने वेगळे द्या. नागमोडी चालत सगळीकडची माती एकत्र करायची पद्धत सारख्या रानासाठी ठीक आहे. तुमच्या रानात तिचा अहवाल 'मध्यम' येईल, म्हणजे एकजण जेवून उठलेला, दुसरा उपाशी, आणि सरासरी पोट भरलेलं.

पुढच्या हंगामात शेणखत सगळीकडे सारखं विस्कटू नका, निम्म्याहून जास्त तासलेल्या पट्ट्यातच घाला. मक्याची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश अशी आहे. एकरी हिशेब साधारण डीएपीची एक बॅग, युरियाच्या दोन आणि पोटॅशची अर्धी. डीएपी-पोटॅश पेरणीच्या वेळी मातीआड, बियाण्यापासून थोडं बाजूला आणि खाली द्या. युरिया बियाण्याला खेटून नको, अंकुर जळतो. तो हप्त्यांनी द्या.

यंदाच्या पिकात, ताटं अजून गुडघ्याएवढी असतील तर खुज्या पट्ट्यात युरियाचा हप्ता ओलीवर मातीआड द्या. जस्ताची लक्षणं दिसत असतील तर दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी करून फवारा. तुरा आल्यावर मात्र त्या पट्ट्यावर खर्च करू नका, वैरणीला तोडा. फक्त एक सांभाळा. पाण्याच्या ताणावर असलेल्या मक्याला नुकताच युरिया टाकला असेल तर ती वैरण लगेच जनावरांपुढे टाकू नका. अशा ताटांत, विशेषतः बुडख्यात, नायट्रेट साठतं आणि जनावराला विषबाधा होऊ शकते.