घरच्या घरी पर्जन्यमापक

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमचे भातशेत आहे. आमच्या शिवारात नेमका किती मिलिमीटर पाऊस झाला, हे घरच्या साधनांनी मोजता येईल का?

उत्तर : अवश्य येईल. दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापावा आणि झाकण काढून तोच उलटा, नरसाळ्यासारखा बसवावा, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते. खरी चूक होते ती बुडाशी. तिथे बाटली खाचांची असल्याने तळाला खडे घालून, ते बुडून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओतावे आणि त्या रेषेला शून्य मानून बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. पाणी १२ मिलिमीटर चढले, तर पाऊस १२ मिलिमीटर, म्हणजेच दर चौरस मीटरला १२ लिटर. बाटली कौलांच्या पागोळ्यांपासून व झाडांपासून दूर, विटांच्या आधाराने उभी करावी. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता नोंद करून पाणी पुन्हा शून्यावर आणावे. अथणीकडे, जिल्ह्याच्या कमी पावसाच्या भागात, एवढे पुरते. तुमच्या तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीच्या अतिपावसाच्या बाजूला मात्र आषाढात दिवसातून दोनदा मोजून बेरीज करावी, कारण झडीत बाटली भरून वाहिली, तर त्या दिवसाची नोंद हातची जाते.