बाईंची १४८ पानं

"लिहिताना झोप उडाली होती, आता नुसती फाईल उघडायची म्हटलं तरी जांभया येतात." गेल्या काही वर्षांत ही तक्रार मी थोड्याफार फरकानं बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. कोणी आत्मचरित्र लिहितं, कोणी गावाचा इतिहास, कोणी घराण्याची वंशावळ. आमच्याकडे निवृत्तीनंतर माणूस एक तर कलमांच्या मागे लागतो नाही तर पुस्तकाच्या, असं मी गमतीनं म्हणतो. कच्चा मसुदा होईपर्यंत गाडी जोरात असते. मग तो वाचून, कापून, नीट करायची वेळ येते आणि गाडी घाटात बंद पडते. प्रश्न ठरलेला असतो: गेलेला हुरूप परत कसा आणायचा?

उत्तर म्हणून एका बाईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यात माझी एक चूकही आहे. ती टाळून गोष्ट सांगता येणार नाही.

आषाढातले दिवस होते. माझी समुपदेशनाची खोली कुडाळला, बाई मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातल्या. एसटीनं आल्या, छत्री दाराबाहेर उभी केली आणि पिशवीतून पिशवी, त्या पिशवीतून आणखी एक पिशवी काढली. आत ३७२ पानांचं बाड. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलेल्या, त्यामुळे मीही त्यांना बाईच म्हणायला लागलो. विषय रापणीचा. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: होडीतून लांबलचक जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढत ते वाळूवर घ्यायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही, अख्खी वाडी लागते. मग मासळीचे वाटे पडतात. दोराला सहज हात लावणाऱ्याच्या पिशवीतही चार बांगडे पडतात.

यांत्रिक बोटी वाढल्या तशा रापणी कमी झाल्या. बाईंनी तीन वर्षं वाड्यावाड्यांतून फिरून २३ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. नायलॉन यायच्या आधीची सुती जाळी, ती टिकावी म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात कशी बुडवायचे, पाण्याचा रंग बघून तारलीचा थवा कोण ओळखायचं, वाट्यावरून कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं. मी मधली दोन पानं चाळली आणि पुढचा पेशंट बाहेर बसलाय हे विसरलो.

"पाच महिने झाले," बाई म्हणाल्या, "काही होत नाही माझ्याच्यानं. आळशी झालेय मी."

असं कोणी म्हटलं की मी आधी बाकीचं विचारतो. झोप, भूक, माणसांत जाणं, आवडीच्या गोष्टी. नैराश्य पारखायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची, एकूण गुण २७, जितके जास्त तितकी काळजी. बाईंचे आले चार. अंगणातल्या जास्वंदीला पाणी चाललं होतं, भजनाला जाणं चाललं होतं, नातवाचा अभ्यास चालला होता. बंद होतं ते फक्त पुस्तक. हा फरक महत्त्वाचा. पुस्तकाबरोबर जेवणातलीही गोडी गेली असेल, पहाटे तीनला जाग येत असेल, तर लेखनाच्या युक्त्या शोधत बसू नका. जवळच्या डॉक्टरांकडे जा किंवा टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. ती मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, मोफत आहे.

बाईंचं तसं नव्हतं. म्हणून मी खूश झालो आणि घाई केली.

माझ्याकडे तयार औषध होतं. मनाची तयारी झाली की बसू, ही वाट बघण्यात बहुतेक पुस्तकं मरतात. आधी बसावं लागतं, मन मागाहून येतं. त्यातही 'रोज लिहीन' असा मोघम संकल्प टिकत नाही, 'अमुक झालं की तमुक करीन' असा बांधलेला टिकतो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची ही मांडणी १९९९ सालच्या एका लेखानं गाजली आणि तिचा मला पुष्कळ उपयोग झाला आहे. बाईंचं आम्ही असं बांधलं: सकाळच्या चहाचा कप धुऊन पालथा घातला की तडक टेबलाशी, पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. बाईंनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी आल्या. चौदा दिवसांपैकी बारा दिवस बसल्या होत्या! मी शाबासकी देणार तोच त्यांनी कागद पुढे केले. पान एक ते नऊ. त्यांत आता एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नव्हती, आणि एकही ओळ कमी झालेली नव्हती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, त्यांनी एका दोनशेपानी वहीत उदाहरणांसकट उतरवले होते. एकेका शब्दाला वहीत बघून न्याय दिला होता.

प्रकाशकानं काय सांगितलं होतं ते मी तेव्हा कुठे नीट विचारलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म. प्रकाशक म्हणाला होता, चौदा फॉर्मच्या वर परवडणार नाही. म्हणजे २२४ पानं. म्हणजे १४८ पानं जायला हवीत. आणि बाई वेलांट्या सुधारत होत्या.

ज्याला आपण आळस समजतो तो खूपदा कामसूपणाच्या वेशात येतो. माणूस रोज बसतो, घाम गाळतो, पण जिथे हात घालायचा तिथे घालत नाही. मी बाईंना वेळापत्रक देऊन लपायला आणखी चांगली जागा करून दिली होती.

मग मी वेगळं विचारलं. "बाई, वाचताना नेमकं कुठल्या पानाशी आलं की उठावंसं वाटतं?"

त्या म्हणाल्या, "दहाव्या."

दहाव्या पानावर पहिल्या म्हाताऱ्याची गोष्ट सुरू होत होती. चौदा पानांची. बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बाहेर पागोळ्यांचा आवाज. मग म्हणाल्या, "ते गेले शिमग्याच्या आधी. दम लागायचा त्यांना. तरी दोन दुपारी बसून सांगितलं मला. चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही. आणि मी काय म्हटलं होतं माहितीय? काका, तुमचं सगळं पुस्तकात येईल हां."

असं त्यांनी २३ जणांना म्हटलं होतं. त्यांतले नऊ आता नव्हते.

म्हणजे हुरूप कुठे गेलाच नव्हता. बाईंवर देणं होतं. पान कापायला घेतलं की कोणाच्या तरी ओटीवरून न सांगता उठून आल्यासारखं त्यांना वाटत होतं. अशा माणसाला 'रोज थोडं थोडं करा' हे सांगणं म्हणजे, काय सांगू, सुतकातल्या घरी जाऊन पाटपाणी घ्या म्हणण्यासारखं आहे.

प्रत्येकाच्या दहाव्या पानावर वेगळं काही असतं. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांच्या आत्मचरित्रात भावाशी झालेला जमिनीचा वाद होता. त्यांचं संपादन अडलं होतं कारण भाऊ हयात आहे आणि त्याला वाचता येतं. आणखी एकजण पुस्तक संपलं की पुढे काय, या विचारानं दरवर्षी एक प्रकरण वाढवतात. त्यांचं मी अजून काही करू शकलेलो नाही.

बाईंशी आम्ही तीन-चार गोष्टी ठरवल्या. त्यांतली पहिली अगदी साधी. कापलेलं टाकायचं नाही. त्याची वेगळी फाईल करायची, माणसाच्या नावानिशी, अख्खं जसंच्या तसं. बाईंनीच तिला नाव दिलं 'राखण'. आमच्याकडे राखणदार म्हणजे गावाची राखण करणारं दैवत. 'हे काढून टाकते' आणि 'हे राखणीत ठेवते' यांत कागदावर काही फरक नाही. हाताला मात्र फार फरक पडतो.

दुसरं, शुद्धलेखनाची वही मी मागून घेतली. "ही माझ्या टेबलाच्या खणात राहील. आधी प्रकरणं, मग परिच्छेद, मग वाक्यं, वेलांटी सगळ्यात शेवटी. जे पान जाणारच आहे त्याचा उकार सुधारून काय करायचा?" बाईंनी वही दिली, पण मास्तरानं पोराची गोटी जप्त करावी तसं माझ्याकडे बघून.

तिसरं त्यांनी सुचवलं आणि मी कचरलो. जे हयात आहेत त्यांना जाऊन विचारते, म्हणाल्या. मला वाटलं, एकानं 'माझा शब्द हलवू नको' म्हटलं तर बाई कायमच्या अडकतील. पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरुवात केली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबा, पडवीत बसलेले.

"आजोबा, तुमच्या गोष्टीची अकरा पानं आहेत. चारच ठेवता येतील. चालेल ना?"

"खयची गोष्ट गे बाये?"

त्यांना काही आठवतच नव्हतं! बाईंनी थोडं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मान हलवली. मग विचारलं, "पांडगो आसा मा त्येच्यात?"

पांडगो म्हणजे त्यांच्याबरोबर होडीवर असायचा तो, कधीच वारलेला. बाईंच्या अकरा पानांत त्याचं नाव एकदाही नव्हतं.

"पांडग्याचा नाव नाय तर माझाय नको."

आणि मग पांडग्याबद्दल सांगत बसले. बाई पानं कमी करायला गेल्या होत्या, सहा वाढवून आल्या. मला हे सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून कापणं सुरू झालं. कोणाला आपला शब्दन् शब्द छापून नको होता. कोणाला एक नाव हवं होतं, कोणाला एक शिवी गाळायला हवी होती, एका आजींना आपलं वय कमी लिहायला हवं होतं. गेलेल्या नऊ जणांच्या घरीही बाई जाऊन आल्या. तिथलं त्यांनी मला फारसं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढचं सरळ झालं असं मात्र समजू नका. गणपती आले, मग घरात लग्न निघालं, पाच आठवडे बाडाला हात नाही. फोनवर पुन्हा तेच, "आळशी झालेय." खंड पडतोच. खरी अडचण परतण्याची असते, कारण परतलेला माणूस पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि दहाव्या पानाशी दमतो. म्हणून उठताना परिच्छेद पुरा करून उठायचं नाही. मध्येच सोडायचा आणि समासात लिहायचं, 'इथून पुढे मथूआजींचं भांडण, अर्धं ठेवायचं.' अर्धवट सोडलेलं काम पुऱ्या केलेल्या कामापेक्षा डोक्यात जास्त रेंगाळतं, असं ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं होतं. पुढे त्या निष्कर्षावर बरेच वाद झाले. वाद राहू देत, समासातली ओळ उपयोगी पडते हे मी पाहिलंय. बाईंनी पाच आठवड्यांनी बाड उघडलं ते थेट मथूआजींच्या भांडणात.

मोजमापही बदललं. रोज किती पानं, हे बंद. आठवड्याला एक माणूस. आणि त्या माणसाचं झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचं, धाकट्या जावेला. जाऊबाई मासे साफ करत ऐकायच्या. जिथे त्या हात थांबवून "मगे?" म्हणायच्या तिथे बाई पेन्सिलीनं टिंब करायच्या. जिथे त्या भात बघायला उठायच्या तिथे फुली. एवढा चोख संपादक शहरात पैसे मोजून मिळायचा नाही. ज्याचं बाड घरी पडून आहे त्यानं आणखी काही नाही केलं तरी असं एक माणूस शोधावं. फक्त ते कौतुक करणारं नसावं. हाताशी काम असलेलं असावं.

सव्वीस आठवड्यांनी बाड २३८ पानांवर आलं. आणखी चौदा पानं काही केल्या जाईनात, आणि मला वाटतं जायलाही नको होती. बाई स्वतः प्रकाशकाकडे गेल्या आणि पंधरावा फॉर्म मागितला. पंधरा फॉर्म म्हणजे २४०. उरलेल्या दोन पानांवर त्यांनी २३ नावं घातली आणि खाली त्या २३ जणांनी ज्यांची आठवण काढली त्यांची. पांडग्याचं नाव तिथेही आहे, आतही आहे.

प्रुफं आली तेव्हा बाई कुडाळला आल्या, वही मागायला. मी खणातून काढून दिली. त्यांनी ती पिशवीतल्या पिशवीत नीट ठेवली, छत्री घेतली, दारापर्यंत गेल्या आणि पाटीपाशी थांबल्या.

"पहिल्या दिवसापासून सांगीन म्हणत होते," त्या म्हणाल्या. "समुपदेशनातला 'मु' ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ रंगवलाय."